रंग नंतर बघ, आधी पतंग बसलाय कसा ते बघ

प्रिय संज्या,

तुझे पतंगांचे (म्हणजे मॉथचे) फोटो मिळाले, एकेक मोठा करून नीट बघितला. सगळे ब्राऊनच दिसतात मग ओळखायचे कसे असं विचारलंयस ना, तर रंग सध्या बाजूलाच ठेव. पतंगाचा रंग म्हणजे पंखावरचे खवले आणि ते झडतात रे, त्यामुळे आजच कोषातून निघालेला आणि खूप उडून विटलेला, जात एकच असली तरी दोन वेगळे वाटतात. बसायची ढब मात्र तशी बदलत नाही.

तुझा भिंतीवरचा बघ, टी अक्षरासारखा, वाळकी काडी चिकटल्यागत. तो प्लूम मॉथ, पंख गुंडाळून आडवे धरून बसतो, उघडले की पिसांसारखे चिरलेले दिसतात, त्याची फॅमिली (म्हणजे कूळ) एका नजरेत ठरते. त्याच्या बाजूचा, पंख सपाट पसरून भिंतीला अगदी चिकटलेला, तो बहुतेक जिओमेट्रिड फॅमिलीतला. ह्यांच्या अळीला पुढचे खरे पाय आणि एकदम शेपटीकडचे, मधे काहीच नाही, म्हणून ती कमान करत करत चालते.

दुसरी गोष्ट म्हणजे पतंग ज्यावर सापडला ते झाड. माझ्या मते फोटोइतकीच महत्त्वाची, आणि नेमकं तेच तू लिहिलं नाहीस! पालक किंवा माठाजवळ चॉकलेटी पंखांवर ठळक पांढरा पट्टा असलेला दिसला तर स्पोलाडिया रिकर्व्हालिस डोक्यात आणायचा (हायमेनिया पर्स्पेक्टालिस पण तसाच, पण त्याचा पट्टा बारीक). कोबीवर मिशा सरळ पुढे काढून बसलेला, मिटलेल्या पंखांवर पाठीच्या मधोमध फिकट चौकटी, तर तो चौकोनी ठिपक्यांचा पतंग, प्लुटेला.

आणि लिंबाची कोवळी पानं उजेडात धरून बघच. नागअळी पानाच्या सालीखालून खात जाते, तिची चंदेरी नागमोडी वाट दिसते आणि त्या वाटेच्या मधून विष्ठेची बारीक काळी रेघ, शेवटी पानाची कड दुमडून ती आतच कोष करते. अशी दुमडलेली कड सापडली की पान तोडून झाकणाच्या डबीत ठेव, खाली ओलसर टिश्यू, आणि वाट बघ. बाहेर येतो तो चंदेरी पांढरा, पंखाच्या टोकाला काळा ठिपका, पसरलेले पंख जेमतेम ४-५ मिलिमीटर! आयता बागेत दिसला असता तर तू चिलट समजून सोडून दिला असतास. अळीपासून वाढवून ओळखणं मला सगळ्यात खात्रीचं वाटतं कारण झाड, अळी, पतंग तिन्ही हातात असतात.

फोटो काढताना एक वरून, एक बाजूने, आणि शेजारी पट्टी ठेव. पुस्तकात बऱ्याचदा पसरलेल्या पंखांचं माप असतं, बसलेल्या पतंगाचा तुला फक्त पुढचा पंख मोजता येतो, ती दोन मापं एकमेकांत मिसळू नकोस. फार फडफडत असेल तर डबीत घालून दहा-पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये (फ्रीझरमध्ये नाही!), गारठला की शांत बसतो, फोटो झाला की सोडून दे.

अॅपने सुचवलेलं नाव लगेच धरू नकोस, ते चित्र जुळवतं, तुझं झाड त्याला माहीत नसतं. जगात पतंगांच्या साधारण १,६०,००० जाती नोंदल्यात, फुलपाखरं १८,००० च्या आसपास, त्यात कितीतरी पतंग असे की जननेंद्रियं मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय जात सांगताच येत नाही. म्हणून फॅमिलीपर्यंत पोचलास तरी ती पक्की ओळख समज, नुसत्या अंदाजाने पुढचं नाव चिकटवू नकोस.

तुझा शेवटचा, खांद्याशी रुंद होऊन घंटेसारखा बसलेला, तो मला टॉर्ट्रिसिड फॅमिलीतला वाटतोय, म्हणजे ज्यांच्या अळ्या पानं गुंडाळतात त्यांच्यापैकी. तो कुठल्या झाडावर होता ते आधी सांग, आणि जवळपास गुंडाळलेलं पान असेल तर उघडून आतलाही फोटो पाठव.

तुझाच,
अव्या