बाबांच्या प्रश्नाचे उत्तर

वेल्च, वेस्ट व्हर्जिनिया
14 सप्टेंबर 2025

तीर्थरूप बाबा आणि तीर्थस्वरूप आई यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलेत की मी ज्या मॅकडॉवेल काउंटीत दवाखाना सांभाळते, तिथला बेरोजगारीचा दर सरकारी आकड्यांप्रमाणे दहा टक्क्यांच्या आतच असेल, तर "इथे कामच उरलेले नाही" असे मी दर वेळी का म्हणते. प्रश्न रास्त आहे आणि फोनवर दोन मिनिटांत उरकण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. आई, तूही पत्र शेवटपर्यंत वाच, कारण त्यातले बरेचसे तुझ्याच ओळखीचे आहे.

आधी बेरोजगार कोणाला म्हणतात ते पाहू. इथल्या सरकारी व्याख्येप्रमाणे ज्याच्याकडे काम नाही, जो कामाला लगेच उभा राहू शकतो आणि ज्याने गेल्या चार आठवड्यांत प्रत्यक्ष खटपट करून काम शोधले आहे, तोच बेरोजगार. ज्याने शोधणे सोडले तो बेरोजगार नाही. तो श्रमिकांच्या मोजणीतूनच बाहेर पडतो. त्यामुळे एखाद्या गावातल्या शंभर बेकार माणसांनी कंटाळून अर्ज करणे थांबवले, तर एकालाही काम न मिळता तिथला बेरोजगारीचा दर खाली येतो. म्हणून मी तो दर बाजूला ठेवते आणि सोळा वर्षांवरच्या दर शंभर माणसांत काम करणारी किंवा काम शोधणारी किती, एवढेच पाहते. संपूर्ण अमेरिकेत हे प्रमाण बासष्ट-त्रेसष्टच्या आसपास असते. आमच्या काउंटीत ते जेमतेम एक तृतीयांश भरते. बाकीच्यांत म्हातारी माणसे आहेत, आजारी आणि जायबंदी आहेत, घर सांभाळणारी आहेत, आणि मला रोज भेटणारी, हातपाय धड असून आशा सोडलेली माणसेही आहेत.

आपल्याकडचा आकडाही असाच सांभाळून वाचावा लागतो, फक्त उलट बाजूने. 2023-24 च्या सरकारी पाहणीत भारताचा बेरोजगारीचा दर 3.2 टक्के निघाला. त्याचा अर्थ आपल्या खानापूर-आटपाडीत काम ओसंडून वाहते आहे असा होत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडे गरिबाला बेकार बसणे परवडतच नाही. घरच्या रानात किंवा दुकानात बिनपगारी राबणारी सूनही पाहणीत कामावर धरली जाते. तिकडे न परवडल्यामुळे आकडा लहान दिसतो, इकडे थकून बसल्यामुळे लहान दिसतो.

हे असे का झाले, ते कोळशाच्या इतिहासाशिवाय सांगता येणार नाही. 1950 च्या जनगणनेत या काउंटीत 98,887 माणसे होती आणि 2020 मध्ये 19,111 उरली. एके काळी वेल्चच्या डोंगराळ, अरुंद बाजारपेठेत इतकी गर्दी असे की 1941 साली नगरपालिकेला गाड्या ठेवण्यासाठी बहुमजली इमारत बांधावी लागली, आणि नगरपालिकेने बांधलेली तशी ती देशातली पहिलीच. दक्षिणेकडच्या राज्यांतून आलेले कृष्णवर्णीय कामगार, इटली आणि हंगेरीतून आलेली कुटुंबे, आणि इथल्याच डोंगरांत पिढ्यान्पिढ्या राहणारे लोक एकाच खाणीत उतरत होते. वसाहतीतली घरे कंपनीची, दुकान कंपनीचे, डॉक्टरही कंपनीचा.

खाणी बंद पडल्या म्हणून लोक गेले, असे सरसकट सांगितले जाते, पण ते पूर्ण खरे नाही. सर्वांत मोठी गळती 1950 ते 1960 या दहा वर्षांत झाली, जेव्हा कोळसा भरपूर निघत होता. 1950 साली खाणकामगारांचे पुढारी जॉन एल. लुईस यांनी मालकांशी करार केला. त्यात यंत्रांना वाट मोकळी करून देण्यात आली आणि मोबदल्यात कामावर राहणाऱ्यांना चांगला पगार, दवाखाना आणि निवृत्तिवेतन मिळाले. कामावर राहणाऱ्यांचे भले झाले, पण राहणारेच थोडे होते. 1940 च्या दशकाच्या अखेरीस वेस्ट व्हर्जिनियात सव्वा लाखाच्या आसपास खाणकामगार होते. 1960 पर्यंत ते निम्म्याहून कमी झाले. लुईस यांच्याबद्दल इथे आजही आदराने बोलतात, आणि तो आदर मला योग्यच वाटतो. पण यंत्रामुळे काम सुटलेल्या माणसाला पुढे काय, याचे उत्तर त्या करारात नव्हते आणि पुढच्या पाऊणशे वर्षांत ते दुसऱ्या कोणी दिलेले नाही.

याच ओढगस्तीमुळे 29 मे 1961 रोजी देशातल्या नव्या अन्नकुपन योजनेची पहिली कुपने इथे वेल्चमध्ये दिली गेली. आदल्या वर्षी जॉन केनेडी प्रचारासाठी या खोऱ्यांतून फिरले होते आणि इथले दारिद्र्य त्यांनी स्वतः पाहिले होते. 1986 मध्ये शेजारच्या गॅरी गावातल्या यू. एस. स्टील या पोलाद कंपनीच्या खाणी बंद झाल्या. बाराशेहून जास्त नोकऱ्या एकाच वेळी गेल्या आणि घरांच्या किमती अशा कोसळल्या की विकून दुसरीकडे जाणेही अनेकांना शक्य झाले नाही. बाहेरून आलेली माणसे मला विचारतात की हे लोक इथून निघून का जात नाहीत. जाऊ शकणारे केव्हाच गेले. उरलेल्यांपैकी पुष्कळांचे सगळे आयुष्यभराचे पैसे ज्याला गिऱ्हाईक नाही अशा घरात अडकलेले आहेत.

आपल्या भागातून माणसे बाहेर जातात आणि इथूनही जातात, पण दोन्ही जाण्यांत मोठा फरक आहे, आणि मला तो वारंवार जाणवतो. विट्याच्या आसपासची पोरे गलाईसाठी, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी, केरळपासून पंजाबपर्यंत पोचली, तिथे दुकाने थाटली, आणि गावाकडे पैसे पाठवून घर बांधले, विहीर खोदली, जत्रेला वर्गणी दिली. इथून ओहायोला किंवा नॉर्थ कॅरोलायनाला गेलेला मुलगा आई-वडिलांनाही हळूहळू तिकडेच नेतो आणि मागे फक्त कुलूप राहते. फेब्रुवारीतल्या पुरानंतर तर अशी कुलपे आणखी वाढली.

आता तुमचा पुढचा प्रश्न मला आधीच ऐकू येतो: कोळसा संपला का? नाही. इथला कोळसा विजेपेक्षा पोलाद बनवण्यासाठी जास्त कामाचा आहे, तो रेल्वेने नॉरफोकच्या बंदरापर्यंत आणि तिथून जहाजाने परदेशी जातो, आणि अमेरिकी कोळशाच्या मोठ्या गिऱ्हाइकांत आपला भारत आहे. पोलादाचा बाजार चढला की इथे थोडी भरती होते, उतरला की कपात. 2015-16 च्या पडत्या काळात काउंटीचा बेरोजगारीचा दर दोन आकडी झाला होता. त्याच सुमारास, जानेवारी 2016 मध्ये, किंबल गावातले वॉलमार्टचे मोठे दुकान बंद झाले आणि सुमारे 140 जण घरी बसले. ज्या काउंटीत खाणीबाहेर पगार देणारे फारसे कोणी नाही, तिथे एक किराणा-कापडाचे दुकान बंद होणे ही एखादी गिरणी बंद पडण्याएवढी घटना असते.

त्या पडत्या काळात कामावरून कमी झालेले एक गृहस्थ माझ्याकडे येतात. वय पन्नाशीच्या पुढचे, खाणीत छताला बोल्ट ठोकण्याचे काम केलेले. श्वास मोजण्याच्या यंत्रात फुंकताना ते मध्येच थांबतात, हाताने "थांबा" अशी खूण करतात आणि टेबलाची कड धरून पुन्हा सुरुवात करतात. कोळशाचे जाड थर संपत आल्यामुळे आता पातळ थरांसाठी भोवतालचा खडकही कापावा लागतो, आणि त्या खडकातली सिलिकाची धूळ फुप्फुसाला कोळशापेक्षा जास्त घातक असते. या सगळ्या कोळसापट्ट्यात पंचवीस वर्षे किंवा अधिक काळ खाणीत काढलेल्या दर पाचांपैकी एकाला काळ्या फुप्फुसाचा आजार असल्याचे 2018 च्या एका अभ्यासात दिसून आले. या गृहस्थांनी काम गेल्यावर बराच काळ काम शोधले, तासा-तासाचे घाटरस्ते तुडवून शेजारच्या काउंट्यांत अर्ज दिले, आणि मग गाडीच्या पेट्रोलचा खर्च परवडेना तेव्हा थांबले. सरकारच्या हिशेबात ते बेरोजगार नाहीत. त्यांचा आजारही अजून दिव्यांग भत्ता मिळण्याइतका कागदावर सिद्ध झालेला नाही. ते कुठल्याच रकान्यात बसत नाहीत, आणि माझ्या दवाखान्यात अशी माणसे वेगळी शोधावी लागत नाहीत.

ही केवळ आकडेमोडीची तक्रार असती, तर मी एवढे लांबलचक पत्र लिहिले नसते. यंदा 4 जुलैला सही झालेल्या केंद्रीय कायद्याने अन्नमदतीसाठी कामाची अट चौसष्ट वर्षे वयापर्यंत वाढवली आहे. धडधाकट समजल्या जाणाऱ्या माणसाने महिन्याला ऐंशी तास काम, प्रशिक्षण किंवा स्वयंसेवा दाखवली नाही, तर तीन वर्षांत मिळून तीनच महिने मदत मिळणार. जिथे कामे नाहीत त्या भागांना या अटीतून सवलत मागता येत असे; आता बहुतेक राज्यांत बेरोजगारीचा दर दहा टक्क्यांच्या वर असलेल्या भागांपुरतीच ती उरली आहे, आणि आमच्या राज्याने तर 2018 च्या स्वतःच्या कायद्याने ती टप्प्याटप्प्याने आधीच बंद केली. बाबा, आता तुमच्या प्रश्नाकडे परत या. माणसे जितकी निराश होऊन शोधणे सोडतात, तितका दर खाली जातो. आणि दर खाली गेला की कायदा म्हणतो, इथे कामे उपलब्ध आहेत, तर मग मदत कशाला? ज्या गावात त्या योजनेचे पहिले अन्नकुपन दिले गेले, त्याच गावात हे घडते आहे, याची मला मनापासून चीड येते. 2027 च्या सुरुवातीपासून सरकारी आरोग्य विम्यालाही अशीच ऐंशी तासांची अट लागणार आहे. आजाऱ्यांना सूट आहे, पण ती मिळवण्यासाठी कागद भरायचे, वेळेवर पाठवायचे आणि पुन्हा पुन्हा भरायचे. इंटरनेटची रड असलेल्या दरीत राहणाऱ्या माणसासाठी ते सोपे नसते. आमच्या दवाखान्यातल्या दोघीजणी आतापासूनच रुग्णांचे दाखले नीट लावून ठेवण्याच्या कामाला लागल्या आहेत.

आई, इथे मला तुझी फार आठवण येते. बहात्तरच्या दुष्काळात तू शाळकरी वयात दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलीस, सुकडीसाठी रांगेत उभी राहिलीस आणि हाताला घट्टे पडले, हे तू आम्हाला सांगत आलीस. ते दिवस चांगले होते असे मी म्हणणार नाही. पण त्या वेळी सरकारने एवढे तरी मानले की काम हवे असणाऱ्याला काम देणे ही आपली जबाबदारी आहे. आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला वि. स. पागे यांनी जो प्रयोग केला होता, त्यातून रोजगार हमी उभी राहिली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. मागितल्यावर पंधरा दिवसांत काम द्या, नाहीतर भत्ता द्या. तिची अंमलबजावणी किती ढिसाळ झाली आणि मस्टरवर किती खोटी नावे लागली, हे बाबांनी पाहिले आहे. तरीही त्या कायद्यात बोजा सरकारवर होता. इथे कायदा माणसाकडून काम मागतो, पण काम पुरवण्याची हमी कोणीही घेत नाही.

थोडे फार नवे उभे राहते आहे, तेही सांगायला हवे. 2010 मध्ये इथे केंद्र सरकारचा तुरुंग सुरू झाला. डोंगरांतल्या जुन्या खाणरस्त्यांवर चार चाकी डर्ट-गाड्या फिरवायला येणाऱ्या पर्यटकांमुळे काही घरे भाड्याने जाऊ लागली, खानावळी चालू लागल्या. शिक्षक टिकावेत म्हणून वेल्चमध्ये त्यांच्या संघटनेच्या पुढाकाराने राहण्याची इमारत उभी राहिली. पर्यटनावर मी फार भिस्त ठेवत नाही, कारण ते काम हंगामी आणि कमी पगाराचे असते. शाळा आणि आरोग्यसेवा यांत मात्र बारमाही, बऱ्या पगाराच्या नोकऱ्या आहेत, आणि नेमके तेच पगार सरकारी पैशांवर अवलंबून आहेत. रुग्णांचा विमा गेला की आधी रुग्ण कमी होतात, मग परिचारिका कमी होते.

यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर आले. मायदेशी परतण्याची व्हिसाची अट माफ व्हावी म्हणून डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे काम करण्याचे जे बंधन माझ्यावर होते ते संपत आले आहे, आणि आता शार्लटला किंवा न्यू जर्सीला, आपल्या माणसांत जावे असे तुम्हा दोघांना वाटते, हे मला कळते. पण हा दवाखाना चालू राहिला तर माझ्याबरोबर इथल्याच आठ-दहा जणांचे पगार चालू राहतात, आणि त्यांतल्या बहुतेक जणी याच काउंटीत शिकलेल्या आहेत. म्हणून मी करार पुढे वाढवायचे ठरवले आहे. तुम्हाला हे आवडणार नाही याची जाणीव ठेवूनच लिहिते आहे.

बाबा, तुमच्याकडून एक मदत हवी आहे. आपल्या गावातल्या पंचविशीतल्या मुलांपैकी गलाईला किती गेली, पुण्या-मुंबईला किती आणि गावात राहिलेल्यांत खरोखर मजुरी मिळणारी किती, हे ग्रामसेवकांशी आणि सोसायटीत बसणाऱ्या मंडळींशी बोलून कळवा. आई, बायकांचे तू वेगळे विचार, कारण पुरुषांना ते धड सांगता येणार नाही. दिवाळीत येईन तेव्हा आपण तिघे ओसरीवर बसून दोन्हीकडचे आकडे मांडून पाहू. बाबा, रक्तदाबाची गोळी सकाळीच घ्या, आणि आईच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला की मला फोटो पाठवा.

तुमची आज्ञाधारक,
माई