बुधवारची सुट्टी

चि. अमोल यास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा पहाटे सुखरूप पोचलो. गुडघा बरा आहे. वाड्याच्या जिन्यावर तो धरला होता हे आईला बोललेलो नाही, तूही बोलू नकोस. नोकरीचा विषय काढायचा नाही असं विमानातच ठरवलंय, तेव्हा दुसरं लिहितो.

जर्मनीतला तो कोल्डिट्झचा वाडा डोक्यातून जात नाही. ग्रिम्माला गाडी सोडून बस धरली, आणि थोड्या वेळानं खाली मुल्डे नदी, लालसर कौलांचं एवढंसं गाव आणि वर तो पांढरा वाडा. "पन्हाळ्यापुढं काय आहे हे," असं मी म्हणालो ते उगाच. सोळाव्या शतकात सॅक्सनीचा शासक ऑगस्ट यानं नव्यानं सजवलेली ती वास्तू. पुढं जवळजवळ शंभर वर्षं वेड्यांचं इस्पितळ, आणि 1939 पासून युद्धकैद्यांचा तुरुंग. दुसऱ्या तुरुंगांतून पळालेले अधिकारी मुद्दाम इथं आणायचे. पळून जाण्यात तरबेज झालेले सगळे एकाच छपराखाली! ही अक्कल कुणाची, देव जाणे.

त्यातल्या एका ठेंगण्या, इंग्रज हवाई दलातल्या अधिकाऱ्याची गोष्ट तू सांगितलीस. 1942 मध्ये तो चहाच्या खोक्यात बसला, चादरींच्या दोरावरून उतरला आणि जाताना खोक्यावर 'कोल्डिट्झची हवा आता मानवत नाही' असं लिहून गेला. मी लगेच आग्र्याचे पेटारे काढले आणि तू म्हणालास, "बाबा, आलेच का पेटारे?" त्यावर दोघं हसलो. आख्ख्या दिवसात तेवढंच.

मला खरं वेड लावलं ते ग्लायडरनं, म्हणजे कैद्यांनी पळण्यासाठी चोरून बांधलेल्या बिनइंजिनाच्या विमानानं. चाळीस वर्षं उद्यमनगरात लाकडाचे पॅटर्न करत आलो, फौंड्रीवाले एका सुताची चूक चालवून घेत नाहीत. पण हत्यारं दुकानातून आणलेली. त्या लोकांनी करवतीचं पातं ग्रामोफोनच्या स्प्रिंगचं केलं आणि मूठ पलंगाच्या फळीची. पंखांच्या फासळ्यांना पलंगाच्या पट्ट्या, वरून चौकड्यांच्या अभ्र्यांचं कापड, आणि ते ताठ बसावं म्हणून रेशनमधली भरड शिजवून तिची खळ. चॅपलच्या वर पोटमाळ्यावर खोटी भिंत उभी केली आणि तिच्यामागं हे सगळं. पहारेकऱ्याला वाटायचं, माळा इथंच संपला.

ती भिंत मला रात्री आठवते. तुझ्या दाराशी खिळ्याला ऑफिसचं कार्ड अडकवलेलं आहे ना, तीन आठवड्यांत ते एकदाही हललं नाही. बुधवारी तुला सुट्टी कशी? गुरुवारीही? बस थांब्यावर फोन आला तर लांब जाऊन जर्मनमध्ये बोललास आणि परत आलास तेव्हा तिकिटाचे पैसे दोनदा मोजलेस. ठरवलं होतं लिहायचं नाही. लिहिलं.

पुलावर मी विचारलं, तेव्हा तू "चौकशीला आलायत का?" म्हणालास. माझंच चुकलं. गाईडबाई समोर उभी होती, तिथं विचारायला नको होतं. पण पोरा, माणसानं अडचण लपवू नये, वेळेवर बोलावं, कर्ज असेल तर आकडा सांगावा... बघ, लागलो शिकवायला. तुझ्या बारावीच्या निकालाला मी काय केलं होतं ते मला आठवतं. म्हणूनच तू सांगत नाहीस का? रागावणार नाही. वय झालं आता माझं.

तो आपला डॉक्टर आठवतो का, मजुमदार? इंग्रजांच्या फौजेतला बंगाली, त्या तुरुंगात एकटा हिंदी. नेताजींनी बर्लिनला बोलावून आपल्या फौजेत येतोस का असं विचारलं तरी त्यानं शपथ मोडली नाही, आणि इंग्रज कैदी मात्र त्याच्याकडं संशयानं बघायचे. नेताजींना नाही म्हणाला, हे ऐकून मला आधी रागच आला होता. पण शेवटी त्यानं उपोषण केलं, हिंदी कैद्यांच्या छावणीत बदली मिळवली आणि तिथून पळून स्वित्झर्लंड गाठलं. आपल्या माणसांत गेल्यावरच सुटला म्हणायचं. तुझे मित्र आहेत का रे तिथं? नाव एकाचंही घेतलं नाहीस.

ग्लायडर उडालंच नाही. ते तयार होईतो एप्रिल 1945 मध्ये अमेरिकन सैन्य आलं. 2012 साली तसंच दुसरं करून छपरावरून सोडलं, आत पुतळा बसवून, आणि ते नदीपलीकडं उतरलं, हे तू सांगत होतास तेव्हा तुझा चेहरा लहानपणीसारखा झाला होता. मला तुझा अभिमान आहे हे तिथं बोलायचं राहिलं. नोकरी असो नसो. असेलच म्हणा.

आई विचारते, लाडू संपले का. संपले नसतील तर संपव. डबा धुण्याआधी तळाचा कागद उचलून बघ. पाकीट आहे. आईला माहीत नाही.

तुझे,
बाबा