डिसेंबरात नागपूरला यायचंय, तर बॅग अशी भर

चि. मृदुलास,
अनेक आशीर्वाद.

जावईबापूंनी, नेथननं केलेली सामानाची यादी तू पाठवलीस, ती वाचली. अर्ध्या चड्ड्या चार, लिननचे शर्ट तीन, बिनबाह्यांचे बनियन, उन्हाची टोपी, सनस्क्रीनच्या दोन ट्यूबा. स्वेटर एकच, आणि त्याच्यापुढं लिहिलंय, 'विमानासाठी'. यादी मन लावून केलेली आहे, फक्त ती मे महिन्याची आहे. तुम्ही येताय डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात.

भारत म्हणजे ऊन, असं त्यानं वाचलं असणार, आणि नागपूरचं नाव शोधलं की उन्हाच्याच बातम्या निघतात. त्या खोट्या नाहीत. २३ मे २०१३ ला इथं पारा ४७.९ वर गेला होता. पण याच गावात २९ डिसेंबर २०१८ ला तो ३.५ पर्यंत उतरला. समुद्र दोन्ही अंगांनी लांब, हवा कोरडी, हिवाळ्यात आभाळ मोकळं. दिवसा तापलेली जमीन रात्री भराभर निवते. दरवर्षी काही इतकं उतरत नाही. तरी आठ-दहा अंशांची पहाट डिसेंबरात नवलाची नाही, आणि दुपारी पुन्हा सत्तावीस-अठ्ठावीस.

आठ-दहा म्हणजे शिकागोच्या माणसाला काय, असं तो म्हणेल. म्हणू दे. तुमच्याकडं बाहेर उणे पंधरा असलं तरी घरात वीस-बावीस असतं. तुम्ही थंडीतून फक्त जाता-येता, थंडीत राहत नाही. आपलं घर बांधलं उन्हाळ्यासाठी. उंच छत, झरोके, जाळीच्या खिडक्या, खाली गार फरशी. मे महिन्यात ज्या फरशीवर तू उघड्या अंगानं लोळायचीस, तीच डिसेंबरात सकाळी सहाला पाय टेकू देत नाही. हीटर आपल्याकडं नाही आणि मी आणणारही नाही, त्यानं तुझ्या आईचं डोकं दुखतं. म्हणून बाहेरच्या कपड्यांआधी घरातल्या कपड्यांचा विचार कर. जाड पायमोजे, घरात घालायच्या बंद सपाता, रात्रीसाठी लांब बाह्यांचं काहीतरी गरम. पर्यटकांना दिलेल्या सल्ल्यात हे कधीच नसतं, कारण पर्यटक हॉटेलात उतरतो.

आता कापडाचं. उभा जन्म गांधीबागेच्या कापडबाजारात कापड फाडण्यात गेला, तेव्हा एवढं तर ऐकशील. एक मोठं जाड जाकीट आणलं की झालं, असं समजू नका. ते सकाळी सहाला अपुरं पडतं आणि अकराला नकोसं होतं. मग दिवसभर काखेत धरून हिंडा. त्यापेक्षा अंगाला लागून पातळ थर्मल, त्यावर सुती शर्ट, त्यावर बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर आणि सगळ्यांवर वारा अडवणारं पातळ जाकीट. ऊन चढेल तसा एकेक काढायचा आणि पिशवीत टाकायचा. लिनन सुंदर कापड आहे, आणू दे त्याला एखादा शर्ट दुपारसाठी. पॉलिस्टरचे चकचकीत टी-शर्ट मात्र घरीच राहू देत. इथल्या कोरड्या हवेत ते स्वेटर काढताना चटचट आवाज करतात आणि तुझी चिमुकली इरा रडते, हे मागच्या खेपेला पाहिलंच तू.

अर्ध्या चड्डीला इथं कुणी नावं ठेवणार नाही. बर्डीच्या बाजारात संध्याकाळी चक्कर मार, निम्मी पोट्टी त्याच वेषात दिसतील. माझी हरकत डासांपुरती आहे. टेकडी गणपतीला आणि रामटेकला मात्र पूर्ण पँट बरी दिसते. बुटांचंही सांगून ठेवतो. देवळात, दीक्षाभूमीवर, प्रत्येक नातेवाइकाच्या दारात, सगळीकडं पायातलं काढावं लागतं. त्याच्या यादीतले नाड्यांचे घोट्यापर्यंतचे बूट दिवसातून दहादा बांधत बसला, तर दर वेळी आपण सगळे दारात ताटकळू. पटकन निघणारे बूट आणायला सांग. ते तिकडूनच आण, त्याच्या पायाचा नंबर इथं सहज मिळत नाही. रामटेकच्या गडावर हातात पिशवी लोंबकळत ठेवू नका. तिथल्या माकडांना पिशवीत खायला असतं हे पक्कं ठाऊक आहे.

ताडोब्याला मोहर्ली गेटनं सकाळची सफारी धरलीय. उघडी जिप्सी असते, अंधार फिटता फिटता आत सोडतात, आणि गाडी चालू लागली की वारा थेट कानात. नेथननं शिकागोतली टोपी, हातमोजे, मफलर सगळं आणावं. इराला कानटोपी तुझी आई विणून राहिली आहे, ती आणू नकोस. रंग मातकट, हिरवट, खाकी असे ठेवा. लाल-पिवळं, पांढरंशुभ्र नको. ज्या ओळखपत्रावर बुकिंग झालं तेच मूळ पत्र गेटवर दाखवावं लागतं, तेव्हा पासपोर्ट सोबत लागतील. झेरॉक्स चालत नाही.

आणि लग्न. बंटीचं लग्न सकाळचं आहे, त्याची चिंता नाही. स्वागत समारंभ रात्रीचा, तोही लॉनवर. नागपुरात हल्ली कुणी छताखाली जेवू घालतच नाही. हिरवळ दवानं ओली, डोक्यावर उघडं आभाळ, आणि बायका बिनबाह्यांच्या ब्लाऊजमध्ये कुडकुडत फोटो काढतात. दहा वाजता सगळे जिलेबीच्या कढईभोवती गोळा झालेले असतात, गोडासाठी नव्हे, शेकायला. तू शाल आण, चांगली मोठी. साडी आणू नकोस. तुझ्यासाठी करवतकाठी काढून ठेवली आहे, टसरची, अस्सल हातमागाची. काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते ना, तीच. ही साडी आपल्या विदर्भाची, आणि शिकागोत तू कांजीवरम नेसतेस याचं मला वाईट वाटतं. ब्लाऊजची जुनी मापं दर्ज्याकडं आहेत, पण नवीन पाठवलेली बरी. यावर जास्त बोलत नाही.

नेथनला सूट आणू देऊ नकोस. जावयाला आहेर आमच्याकडून. कुर्ता-पायजमा आणि वर जाकीट शिवून घेतो. रेडिमेडमध्ये त्याच्या उंचीचा कुर्ता मिळतो, पण बाह्या मनगटाच्या चार बोटं वर थांबतात. मागच्या वेळचा फोटो बघ. माझ्याकडं टसर-कॉटनचा एक तागा आहे, त्यातून साडेतीन मीटर त्याच्यासाठी बाजूला ठेवलंय. लग्नसराईत दर्जी लवकर हाती लागत नाहीत, म्हणून छाती, खांदा, बाही, गळा आणि खांद्यापासून गुडघ्यापर्यंतची उंची, एवढी मापं इंचात पाठव. टेप सैल धरून घे. त्याला पोट आत ओढू देऊ नकोस.

बाकीचं भराभर सांगतो. तुमच्याकडं वीज १२० व्होल्टची, इथं २३०. लॅपटॉप-मोबाईलच्या चार्जरवर १०० ते २४० लिहिलेलं असतं, ते चालतील, फक्त पिन बसत नाही. तो अडाप्टर इथं कोपऱ्यावर मिळतो. तुझा केस वाळवायचा ड्रायर आणू नकोस, जळेल. आईचा घे. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत नाही. इराची रोजची औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसह, तीही हातातल्या बॅगेत. साध्या तापाची, पोटाची औषधं इथं गल्लीत मिळतात. तुझं आणि इराचं ओसीआय (परदेशस्थ भारतीयाचं) कार्ड, पासपोर्ट, नेथनच्या व्हिसाचा कागद एकाच पाकिटात ठेव आणि ते पाकीट तुझ्याकडं ठेव, त्याच्याकडं नाही.

तुझ्या आणि इराच्या गरम कपड्यांसाठी बॅग भरू नकोस. हिवाळ्यात इथं तिबेटी लोकांचा स्वेटरचा बाजार लागतो, दोन-तीन स्वेटर तिथं घेऊ. तिबेटी लोक आपल्याला परके नाहीत, गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला त्यांची वसाहतच आहे. नेथनच्या मापाचं तिथं काही मिळणार नाही, म्हणून त्याची बॅग भरलेली आणि तुमच्या दोघींची हलकी, असा हिशेब धर. विधिमंडळाचं अधिवेशन तोवर उठलेलं असलं तर बरं, नाहीतर मोर्च्यांनी बर्डीचे रस्ते बंद असतात आणि खरेदी पुढं ढकलावी लागते.

भेटवस्तू आणू नका. चॉकलेटं तर अजिबात नको, मागच्या वर्षीची फ्रिजमध्ये आहेत. तुझ्या आईनं मात्र माझ्या पाठीमागून काही मागितलं असेल, तर ते तिचं तिला ठाऊक.

मापं या रविवारपर्यंत पाठव. दर्जी सोमवारी कापड कापायला बसतो.

तुझा,
बाबा

ता. क. नेथनचा भाऊही येतोय म्हणतेस. तो वाफेची सिगारेट ओढतो ना? २०१९च्या कायद्यानं ती आपल्याकडं बंद आहे, विकणंच नाही तर बाहेरून आणणंही. विमानात बसायच्या आधीच त्याला सांग.