बाबांच्या गणितातले तीन तास

लंडन, २० नोव्हेंबर

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

टोकियोहून परवा सुखरूप पोचले. निघायच्या गडबडीत बाबांनी फोनवर घातलेलं गणित तसंच राहिलं होतं. लंडन ते टोकियो साधारण ९,६०० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९००, म्हणजे पावणेअकरा तास. मग तिकिटावर पावणेचौदा कुठून आले? बाबा, भागाकार बरोबर आहे. फक्त विमान ९,६०० किलोमीटर उडतच नाही.

तो आकडा दोरा ताणून मोजल्यासारखा आहे. पृथ्वीच्या गोलावर दोऱ्याचं एक टोक लंडनवर धरा, दुसरं टोकियोवर, आणि घट्ट ओढा. दोरा सरळ पूर्वेला न राहता वर सरकतो: स्वीडन, फिनलंड, मग सैबेरियाचा उत्तर भाग. भिंतीवरच्या सपाट नकाशात हा मार्ग उगाच वळसा घातल्यासारखा दिसतो, पण सगळ्यात जवळचा तोच. फेब्रुवारी २०२२ पर्यंत विमानं जवळपास त्याच वाटेनं साडेअकरा-बारा तासांत पोचायची. युक्रेनचं युद्ध पेटलं, ब्रिटननं रशियाच्या विमानांना मज्जाव केला, रशियानं ब्रिटनच्या. जपानी कंपन्यांनीही ती वाट सोडली. तुमच्या तीन तासांतले बरेचसे तिथे गेले.

आता जाताना दक्षिणेकडून जातात. काळा समुद्र ओलांडला की जॉर्जिया आणि अझरबैजानची चिंचोळी पट्टी लागते. समोरच्या पडद्यावर वर रशिया, खाली इराण, आणि मधून आमचं इवलंसं विमान. आई, तेव्हा तुला फोन करता येत नव्हता हे बरंच झालं. पुढे कॅस्पियन, कझाकस्तान, चीन.

येताना खरी गंमत. आमचं विमान पश्चिमेकडे वळलंच नाही! टोकियोहून पुन्हा पूर्वेलाच निघालं. बेरिंगची सामुद्रधुनी, अलास्का, कॅनडाचं उत्तर टोक, ग्रीनलंड असं करत लंडनला. एवढ्या उंचीवर वारा पश्चिमेकडून पूर्वेला जोरात वाहतो, त्यामुळे लांबचा रस्ताही पाठीवर वारा घेऊन परवडतो. सव्वाचौदा तास लागले. हा रस्ता काही नवा नाही. १९५७ साली कोपनहेगनहून टोकियोला विमानसेवा सुरू झाली तीही अलास्कातल्या अँकरेजला तेल भरून जायची. तेव्हाही सोव्हिएत आकाश बंदच होतं.

मंगळवारी सकाळी साडेनऊला निघाले. पाच तासांत बाहेर काळोख, आणि वाररेषा ओलांडल्यामुळे खाली अलास्कात सोमवारची रात्र. ग्रीनलंडजवळ बर्फाच्या कडेला केशरी रेघ उमटली, ती पुन्हा मंगळवारचीच पहाट. लंडनला उतरले तेव्हा मंगळवारचेच पावणेतीन वाजले होते.

म्हणजे जाऊन-येऊन पृथ्वीला एक फेरी पूर्ण झाली. आजीला सांगाल तर जपून सांगा, कारण उत्तर ध्रुव सबंध वेळ डाव्या हाताला होता. प्रदक्षिणा उलटी झाली म्हणेल.

झोप अजून टोकियोच्या घड्याळावर चालली आहे. पहाटे तीनला टक्क जागी असते. तुमच्याकडे तेव्हा साडेआठ वाजलेले असतात. उद्या खुशाल फोन करा.

तुमची,
लेक