एलीयाने आधी खाल्लं

नगर, शुक्रवार

प्रिय बाळा,

प्रभूच्या नावाने सलाम.

परवा फोनवर आई शेजारीच बसली होती, त्यामुळे मोकळं बोलता आलं नाही. त्यात तू म्हणालीस, "पप्पा, उपास-प्रार्थना तुम्हीच तर शिकवलीत." त्यावर मला लगेच काही सुचलं नाही, म्हणून हे पत्र. जेवणाचा विषय काढायचा नाही असं ठरवून बसलोय.

तुझ्या रूममेटवर मात्र रागावू नकोस. नाइट ड्यूटीत औषधांच्या ट्रॉलीला धरून खाली बसलेली मुलगी पाहिल्यावर कुणीही घरी कळवलं असतं. तू स्वतः सिस्टर आहेस. असा पेशंट तुझ्यासमोर आला असता तर तू त्याला काय सांगितलं असतंस? हिमोग्लोबिन साडेनऊ, त्यात दिवसभर नुसतं पाणी. जाऊ दे.

तू हा उपास का करते आहेस ते मला कळतं, आणि खरं सांगायचं तर त्याचं कौतुकही वाटतं. तुझ्या वयाची मुलं देवळात मागच्या बाकावर मोबाइल काढून बसतात. तू चार पैसे मिळवायला लागल्यावर आधी दशमांश बाजूला काढलास, आम्हाला न विचारता. भिंगारच्या काकांना ॲडमिट केलं होतं तेव्हा रात्री तू त्यांच्याजवळ बसून हळू आवाजात तेविसावं स्तोत्र म्हटलंस, हे त्यांच्या मुलाने मला बाजारात थांबवून सांगितलं. हातात मेथीची जुडी होती, पैसे द्यायचेच राहिले.

पण एकवीस दिवसांचा 'दानीएलाचा उपास' म्हणून जे तुमच्या प्रार्थनेच्या फेलोशिपमध्ये चाललंय, त्याबद्दल बायबलातला दानीएलाचा दहावा अध्याय पुन्हा एकदा वाच. त्याने तीन आठवडे शोक केला, पक्वान्न खाल्लं नाही, मांस आणि द्राक्षारस तोंडाला लावला नाही. काहीच खाल्लं नाही असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. पहिल्या अध्यायात तर तो आणि त्याचे मित्र दहा दिवस शाकभाजी खाऊन बाकीच्यांपेक्षा धष्टपुष्ट दिसले. धष्टपुष्ट! ज्यांनी तुम्हाला हे सांगितलं ते भले लोक असतील, मी काही बोलत नाही. त्यांना रात्रभर आयसीयूत उभं राहायचं नसतं, एवढंच.

आणि लेंटचंही, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाचंही, तेच. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजून बघ, ४६ दिवस भरतात. आपण चाळीसच का म्हणतो? मधले सहा रविवार उपासात धरत नाहीत म्हणून. रविवार पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपाशी राहायचं नसतं. जुन्या लोकांनी शरीराचा विचार केला नव्हता असं समजू नकोस. मेथडिस्ट पंथ सुरू करणारा जॉन वेस्ली इतका कडक माणूस, पण त्याचाही आठवड्याचा उपास गुरुवारच्या रात्रीच्या जेवणानंतर सुरू व्हायचा आणि शुक्रवारी दुपारच्या चहाला सुटायचा. तू गेल्या रविवारी तरी जेवलीस का?

बघ, आलाच विषय. प्रवचनही झालं. माफ कर. शाळा सुटली तरी मास्तरकी सुटत नाही असं तुझी आई म्हणते ते खरं आहे.

तुला आजी फारशी आठवत नसेल. तिला वेस्ली-बिस्ली काही ठाऊक नव्हतं, पण शुक्रवारी ती दुपारपर्यंत जेवत नसे. सकाळी स्वतःच्या वाटणीच्या दोन भाकरींचं पीठ मापून पत्र्याच्या डब्यात टाकायची. शनिवारी तो डबा वेशीजवळच्या त्या घरी जायचा, तुला माहीत आहे कुठल्या. माझे वडील एकदा म्हणाले, देव काय तुझं पीठ मोजतोय का? तर म्हणाली, देव नाही मोजत, ती बाई मोजते, तिची पाच लेकरं आहेत. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देव उपासाबद्दल हेच सांगतो, आपलं अन्न भुकेल्याला वाटून दे. तुझ्या न खाल्लेल्या जेवणाचं काय होतं ग? मेसमध्ये टाकूनच देतात ना?

आणि बाकीचे दिवस ती चुलीपुढे प्रार्थना करायची. एक भाकरी, एक नाव. परातीत पीठ थापताना नाव घ्यायची, तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायची, उलटायची, मग चुलीच्या तोंडाशी उभी करायची. फुगली की आमेन. बारा भाकऱ्या म्हणजे बारा माणसं. गोविंदमामांचं नाव यायचं तेव्हा भाकरी हमखास करपायची, कारण त्यांच्यासाठी मागणं लांबत जायचं. करपलेली भाकरी आम्ही भावंडं ओळखायचो आणि ती कुणाच्या ताटात जाणार यावर भांडायचो.

तुझ्याकडे चूल नाही, पण हात तर तू रात्रीतून कितीदा धुतेस. एका बेडवरून दुसऱ्याकडे जाताना हात चोळतेस तेवढ्या वेळात एक नाव होतं. येशूच्या दाखल्यातल्या त्या जकातदाराची प्रार्थना केवढी होती? हे देवा, मज पाप्यावर दया कर. एवढ्यावर तो नीतिमान ठरून घरी गेला. फेलोशिपच्या रात्रभराच्या जागरणाला ड्यूटीमुळे जाता येत नाही म्हणून तू रडलीस असं ताई म्हणाली. तू रोज रात्री जागीच असतेस, बाळा.

रविवारी ड्यूटी लागते म्हणून शब्बाथ, देवाचा विसाव्याचा दिवस, मोडला असंही मनात धरू नकोस. जो दिवस ऑफ असेल त्या दिवशी आधी पोटभर झोप, मग एक स्तोत्र, मग वाटलं तर मंडळीत जा. पण एक्स्ट्रा ड्यूटी घेऊ नकोस. लोनचे हप्ते मी बघतो.

पंडिता रमाबाईंच्या केडगावला तुमची संडे स्कूलची सहल गेली होती ना? त्या बाईंचे आईवडील १८७०च्या दशकातल्या दुष्काळात अन्नावाचून गेले. दैवतं झाली, तीर्थं झाली, उपासतापास झाले. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात याच बाईंनी मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली आणून सांभाळल्या. मुक्तीत, म्हणजे केडगावच्या त्यांच्या आश्रमात, प्रार्थना पुष्कळ चालायची, १९०५ साली तर तिथे मोठी आत्मिक जागृती झाली. पण तिथे शेती होती, विहिरी होत्या, मुलींना जेवायला मिळत होतं. रमाबाईंना भूक म्हणजे काय ते माहीत होतं. मलाही थोडं माहीत आहे. ७२ सालच्या दुष्काळात आम्ही सुकडीच्या रांगेत उभे राहिलोय. म्हणून तू आपण होऊन उपाशी आहेस हे ऐकलं की माझ्या पोटात कसंतरी होतं. त्यात अध्यात्म काही नाही, तो बापाचा स्वभाव आहे.

एलीया संदेष्टा रानात रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागत होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. उठ, हे खा म्हणाला. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. तो खाऊन पुन्हा झोपला, तर पुन्हा उठवून खाऊ घातलं. चाळीस दिवस चालून होरेब डोंगराला गेला तो त्या जेवणाच्या बळावर.

उपास सोडायचा की नाही ते तू ठरव. मी सक्ती करत नाही. पण देवाला नवस बोलून अडकल्यासारखं वाटत असेल तर आपल्या पाळकांना फोन कर, ते आई-पप्पांची बाजू घेणार नाहीत. आणि रक्ताची सीबीसी तपासणी करून रिपोर्ट व्हॉट्सॲपवर टाक, मला नाही तर ताईला.

शनिवारी शेवगावची आत्या पुण्यात येते आहे. तिच्याबरोबर खजूर, शेंगदाण्याचे लाडू आणि बाजरीचं पीठ पाठवतोय. ती तुझ्याच खोलीवर उतरणार आहे आणि तुला जेवलेलं बघितल्याशिवाय स्वतः जेवणार नाही म्हणते. तिला शुगर आहे, तेव्हा फार वेळ लावू नकोस.

तुझे,
पप्पा