तेरा फ्लॉप्या आणि एक तुटलेली तार : अनावृत आभारपत्र

आदरणीय काका,

सविनय नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलो की आपण विषय बदलता आणि मानधनाचा उल्लेख केला की फोन ठेवण्याची घाई करता, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. जुन्या संगणकावर फ्लॉप्यांवरून (माहिती साठवण्याच्या जुन्या चौकोनी चकत्यांवरून) विंडोज ९५ ही संगणकप्रणाली बसवताना कोणी माझ्यासारखाच अडला असेल, तर आपण मला जे समजावले ते त्याच्याही कामी यावे, असा दुसरा हेतूही त्यामागे आहे.

आमच्या रत्नागिरीच्या छापखान्यातील तो पेंटियम संगणक आम्ही हौसेखातर ठेवलेला नाही. १९९६ ते २००३ या काळातील आमच्या त्रैमासिकाचे अंक पेजमेकर या पानजुळणीच्या प्रोग्राममध्ये, युनिकोडपूर्व (आजच्या संगणकांवर न चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या) मराठी फॉन्टमध्ये जुळवलेले आहेत, आणि त्या फॉन्टची प्रणाली प्रिंटरच्या पोर्टला डोंगल (परवान्याची किल्लीवजा डबी) लावल्याशिवाय सुरूच होत नाही. हार्ड डिस्क बंद पडली तेव्हा अंकांच्या फायली दुसरीकडे सुरक्षित होत्या, परंतु त्या उघडणारे यंत्र उरले नव्हते. त्या यंत्राला सीडी ड्राइव्ह कधीच नव्हती. यंत्र सुरू करणारी एक बूट फ्लॉपी आणि विंडोजच्या तेरा फ्लॉप्या एवढाच आमचा आधार होता.

आपल्याला फोन करण्याआधीचे दोन दिवस मी काय उद्योग केले, ते सांगायला संकोच वाटतो. सातवी फ्लॉपी वाचताना चूक दाखवली की तीच पुन्हा घालायची, मग ड्राइव्ह तपासण्यासाठी आठवी, नववी घालून पाहायची, असे माझे चालले होते. आपले पहिले वाक्य मला अजून आठवते: “थांबा, आता एकही फ्लॉपी आत घालू नका.” मग आपण सातव्या फ्लॉपीचे धातूचे झाकण सरकवून, मागची चकती अंगठ्याने हळूहळू फिरवत आतली तपकिरी फिल्म उजेडात पाहायला लावली. तिच्यावर पांढरट, जाळीसारखे डाग होते. कोकणातल्या पावसाळ्यात चामड्याच्या चपलांवर धरते तीच बुरशी! ती ड्राइव्हच्या हेडला (फ्लॉपी वाचणाऱ्या टोकाला) चिकटते आणि मग तेच मळलेले हेड पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर ओरखडे काढते, हे आपण सांगितले तेव्हा मी आठवी आणि नववी काढून घाबरतच पाहिली. दोन्ही शाबूत होत्या. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने, वरच्या हेडचा नाजूक दांडा न उचलता, हेड पुसले. फिल्मही त्याच रीतीने थोडी थोडी फिरवत पुसली आणि पूर्ण वाळू दिली. त्यानंतर ती फ्लॉपी वाचली गेली.

मूळ संचाला पुन्हा हात लावण्यापूर्वी त्याच्या प्रती काढाव्यात, हा आपला आग्रह होता, आणि तिथेच माझा दुसरा गैरसमज उघडा पडला. डिस्ककॉपी या आज्ञेने पहिल्या फ्लॉपीची प्रत बिनबोभाट निघाली होती आणि दुसरीपासून एकाचीही निघत नव्हती. त्यावरून उरलेल्या बाराही खराब झाल्या, असा निष्कर्ष मी काढून बसलो होतो. आपण हसलात आणि हिशेब मांडलात. साध्या फ्लॉपीवर दोन्ही बाजूंना प्रत्येकी ८० ट्रॅक (वर्तुळाकार पट्टे), दर ट्रॅकवर १८ सेक्टर (पट्ट्याचे तुकडे) आणि दर सेक्टरमध्ये ५१२ बाइट, म्हणजे १४,७४,५६० बाइट मावतात. विंडोज ९५ची पहिली फ्लॉपी तशीच आहे, परंतु पुढच्या बारांवर मायक्रोसॉफ्टने दर ट्रॅकवर २१ सेक्टर बसवून १७,२०,३२० बाइटांची जागा काढली, आणि ही मांडणी डिस्ककॉपीच्या आवाक्याबाहेरची आहे. बहुतेक यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हनाही ती झेपत नाही. माझ्या लॅपटॉपला जोडलेल्या ड्राइव्हने त्या फ्लॉप्या नाकारल्या, त्याचा उलगडाही तेव्हाच झाला. पुढे आपल्या सांगण्यावरून अंतर्गत ड्राइव्ह असलेल्या दुसऱ्या एका संगणकावर विनइमेज हा प्रोग्राम वापरून प्रती काढल्या.

खरी कसोटी यानंतर लागली. प्रती चांगल्या, हेड स्वच्छ, आणि तरीही सेटअप (विंडोज बसवणारा प्रोग्राम) दुसरी फ्लॉपी मागत होता. ती घातली तरी पुन्हा दुसरीच मागत होता. मी प्रतींना दोष देऊन नव्याने प्रती काढायच्या तयारीत होतो. आपण मात्र कोणतीही दुरुस्ती सुचवण्याआधी दोन मिनिटांची चाचणी करायला लावली: सेटअपमधून बाहेर पडून डॉस या जुन्या, आज्ञा टंकून चालवायच्या प्रणालीत एका फ्लॉपीवरील फायलींची यादी मागवायची, फ्लॉपी बदलायची आणि पुन्हा यादी मागवायची. पडद्यावर पहिल्याच फ्लॉपीची यादी आली! फ्लॉपी बदलल्याची सूचना ड्राइव्हकडून केबलच्या ३४व्या तारेवरून जाते. ती पोहोचली नाही तर फ्लॉपी तीच आहे असे समजून डॉस स्मरणातली जुनी यादी दाखवत राहतो, हे मला त्या दिवशी कळले. आणि अशा अवस्थेत फ्लॉपीवर काही लिहिले गेले, तर एका फ्लॉपीची नोंदवही (कोणती फाइल कुठे आहे याची नोंद) दुसरीवर उमटून तिचा सत्यानाश होऊ शकतो. फ्लॉपीच्या कोपऱ्यातली खिटी सरकवून दोन्ही बाजूंची भोके आरपार दिसली पाहिजेत, म्हणजे तिच्यावर काही लिहिले जात नाही, हे आपण पहिल्या दिवशीच मला तीनदा का बजावले होते, त्याचा अर्थ तेव्हा लागला.

३४वी तार म्हणजे त्या चपट्या केबलची अगदी कडेची तार, लाल पट्टीच्या विरुद्ध बाजूची. आमच्या यंत्रात केबलची नेमकी तीच कड पेटीच्या पत्र्याला घासत होती आणि घडीपाशी तार तुटली होती. आपण आपल्या साठ्यातली केबल कुरियरने पुण्याहून पाठवली. ती मी प्रथम उलटी लावली. ड्राइव्हचा दिवा सतत पेटलेला राहतो असे फोनवर सांगताच “लाल पट्टी एक क्रमांकाच्या पिनेकडे करा” असे आपण म्हणालात, तेही न रागावता.

त्या संध्याकाळी तेराही फ्लॉप्या क्रमाने वाचल्या गेल्या. तेराव्या फ्लॉपीनंतर यंत्र पुन्हा सुरू झाले, डोंगल ओळखले गेले आणि १९९८च्या एका अंकाचे मुखपृष्ठ काना-मात्रा न ढळता समोर आले.

प्रतींचा एक संच आपल्यासाठी वेगळ्या कुरियरने पाठवत आहे. सातव्या फ्लॉपीवर मुद्दाम लाल चिठ्ठी लावली आहे. केबल परत मागू नका, ती आता पत्र्यापासून दोन बोटे दूर बांधून टाकली आहे.

आपला ऋणी,
रत्नागिरीचा छापखानेवाला