मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री यांस: समुपदेशन मला नको, त्यांना द्या

मा. मंत्री महोदय,
सादर नमस्कार.

मी एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग विभागात जेआर-टू, म्हणजे दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर, आहे. जातीवरून होणाऱ्या छळाची लेखी तक्रार केली होती. काल समितीचं उत्तर हातात पडलं: 'प्रकार गैरसमजातून घडला असून तक्रारदार विद्यार्थिनीस समुपदेशनाची आवश्यकता आहे.' समितीच्या अध्यक्ष कोण? आमच्याच एचओडी, म्हणजे विभागप्रमुख. छळ त्यांच्या विभागात, निकाल त्यांचा आणि उपचार माझ्यावर!

पहिल्याच आठवड्यात सिनिअरनं विचारलं, 'नीटचा रँक किती?' रँक कळला की जात विचारावी लागत नाही. तेव्हापासून मी 'कोट्यातली'. बरोबरीच्या मुली सीझर करतात. मी ब्लड बँकेतून पिशव्या आणते, डिस्चार्ज कार्डं लिहिते. कधी ओटीत, शस्त्रक्रियेच्या खोलीत, उभी राहिलेच तर 'पेशंट मारशील'. स्पायनल, म्हणजे फक्त कमरेखालची भूल, दिलेली बाई टेबलावर जागी असते, महोदय. तिला सगळं ऐकू येतं. मग राउंडला तीच माझ्याकडून टाके तपासून घ्यायला घाबरते. झोप उडाली आहे, घास उतरत नाही. स्त्रीरोग विभागात राबते आणि माझीच पाळी महिनोन्महिने येत नाही, दाखवू कुणाला? त्यांनाच?

२२ मे २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवीनं आत्महत्या केली. जळगावकडची, तडवी भिल्ल समाजाची, तीही स्त्रीरोग विभागातच पीजी, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण, करणारी. आरोप तेच, सिनिअरांनी जातीवरून छळल्याचे. भेदभावाविरुद्ध यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, नियम २०१२ पासून होते. ते पाळले जावेत म्हणून तिच्या आईला, २०१६ मध्ये हैदराबाद विद्यापीठात आत्महत्या केलेल्या रोहित वेमुलाच्या आईसोबत सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. लेकी-लेकरं गमावलेल्या आयांनी नियमांची आठवण करून द्यायची, मग सरकार कशाला आहे?

एनएमसीच्या, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या, कार्यगटानं २०२४ मध्ये सांगितलं की पीजीच्या ३१ टक्के मुलांच्या मनात जीव देण्याचे विचार येऊन गेलेत. तिघांत एक धरा. आठवड्याला ७४ तासांच्या वर काम नको, असंही सुचवलं. केंद्राच्या १९९२ च्या आदेशात ४८ तास होते! तीस वर्षांची प्रगती ती हीच. माझे ७४ गुरुवारीच संपतात. भिंतीवर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचं पोस्टर आहे, १४४१६. फोन करायला ड्युटीतून सोडणार कोण?

तक्रार समितीत महाविद्यालयाबाहेरची माणसं घ्या. कुणाला किती शस्त्रक्रिया करू दिल्या याची नोंद उघडी ठेवा. मागणं एवढंच. पण तुम्हाला नव्या महाविद्यालयांच्या फिती कापायच्यात, आणि मान्यतेच्या तपासणीपुरते प्राध्यापक इकडून तिकडे फिरवायचेत. कोटभर रुपये मोजून सीट घेणाऱ्याला गुणवत्ता कुणी विचारत नाही. ती फक्त आम्हीच सिद्ध करायची.

या पत्रावर 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शेरा पडेल आणि ते फिरत फिरत आमच्या एचओडींच्याच टेबलावर येईल. म्हणून खाली नाव लिहिलेलं नाही.

एक निवासी डॉक्टर